शाळा, शाया आणि यॉर्कशायर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



काल संध्याकाळपासून मला प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. "तू इंग्लंडात जाऊन इंग्रजी शिकवतो म्हणजे नेमकं काय करतो? त्या लोकांना येत नाही का इंग्रजी?" माझ्या आईलाही तीस वर्षं हाच प्रश्न पडला होता. ती शेजारणींना सांगायची, "तिकडच्यांचं बिघडलंय, म्हणून याला बोलावलंय."

तर उत्तर असं, की त्यांना इंग्रजी येते, आणि ती फार तऱ्हांनी येते. दर बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो, ते इंग्लंडलाही तसंच लागू आहे. त्या बदलणाऱ्या बोलींचा अभ्यास करणं आणि तो विद्यार्थ्यांना शिकवणं, हेच माझं काम होतं. आता निवृत्त झालो आहे, म्हणून जरा मोकळेपणाने बोलतो.

आठवीत आपण सगळ्यांनी सरांना एक प्रश्न विचारला होता. बी यू टी बट, तर पी यू टी पुट का? सर म्हणाले होते, "इंग्रजीत असंच असतं. पाठ कर." सर, तुमची माफी मागून सांगतो, त्याचं उत्तर मला १९८६ साली लीड्सच्या बसथांब्यावर मिळालं. मी नुकताच यॉर्कशायरमध्ये उतरलो होतो. पुण्यात एम.ए. झालेलं, इंग्रजीत पहिला वर्ग, आणि बसचा ड्रायव्हर काय म्हणतो ते कळेना. तो 'बस'ला 'बुस' म्हणत होता, 'कप'ला 'कुप'. शिवाय भरघोस मिशांचा तो गृहस्थ मला 'लुव्ह' म्हणाला. म्हणजे 'लव्ह'. मी घाबरून दोन पावलं मागे सरलो. तिकडे बाप्यांनी बाप्यांना 'लव्ह' म्हणणं म्हणजे आपल्याकडे 'भाऊ' म्हणण्यासारखं आहे, हे नंतर समजलं.

पण त्याच्या 'बुस'मध्ये आपल्या आठवीच्या प्रश्नाचं उत्तर होतं. साधारण चारशे वर्षांपूर्वीपर्यंत इंग्रजीत 'बट' आणि 'पुट' या दोन्ही शब्दांत एकच स्वर होता. सतराव्या शतकात दक्षिणेकडच्या इंग्रजीत तो फुटला. काही शब्दांत 'अ' झाला, काहींत 'उ' राहिला. स्पेलिंग मात्र त्याआधीच ठरून गेलेलं. उत्तरेकडे हा बदल पोचलाच नाही. त्यामुळे यॉर्कशायरचा शेतकरी 'बुट' आणि 'पुट' असंच म्हणतो. आपण शाळेत ज्याला नियम नाही म्हणून डोकं धरून बसलो, तो नियम त्या शेतकऱ्याच्या तोंडात शाबूत आहे. आणि लंडनच्या लोकांना मात्र वाटतं, की हा अडाणी.

इंग्लंडमधल्या बोलींची मोठी पाहणी केली ती लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी. ऑर्टन डरॅम परगण्यातल्या बायर्स ग्रीन या खेड्यातले. आपल्याच गावाच्या बोलीतल्या उच्चारांवर त्यांनी १९३३ साली पुस्तक लिहिलं. पुढे झुरिकचे प्राध्यापक ऑयगेन डीथ यांच्याबरोबर त्यांनी १३०० हून अधिक प्रश्नांची एक यादी केली. १९५० ते १९६१ या काळात त्यांची माणसं ती यादी घेऊन ३१३ ठिकाणी गेली. बहुतेक खेडी. प्रश्न कोणाला विचारायचे, तर त्याच गावात जन्मलेल्या, तिथेच राहिलेल्या, साठी उलटलेल्या माणसाला. शक्यतो शेतकरी. कान शाबूत हवेत आणि दातही शाबूत हवेत, कारण दात नसले की उच्चार बिघडतो. साठीपुढचा आणि दात असलेला शेतकरी शोधणं त्या काळात किती अवघड गेलं असेल, याची कल्पना करा!

प्रश्न विचारायची रीतही मोठी गमतीची होती. 'याला तुम्ही अमुक म्हणता का?' असं विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. वस्तू दाखवायची, हातवारे करायचे, वाक्य अर्धं सोडायचं आणि शब्द समोरच्याच्या तोंडून येऊ द्यायचा. डावा हात दाखवून विचारायचं, सगळं या हाताने करणाऱ्या माणसाला काय म्हणाल? या एका प्रश्नाला देशभरातून इतकी वेगवेगळी उत्तरं आली, की त्यांचा वेगळा नकाशाच झाला. सर्वांत जास्त गावं केली ती स्टॅन्ली एलिस यांनी. ते कॅरॅव्हॅन घेऊन गावोगाव राहात. या नावाकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

मी गेलो तेव्हा ही पाहणी संपून पंचवीस वर्षं झाली होती. नकाशांचं मोठं पुस्तक १९७८ मध्ये छापून झालं होतं. माझं काम होतं त्यातल्या काही खेड्यांत पुन्हा जाऊन काय उरलं, काय गेलं ते पाहणं. पहिल्याच गावात मी सपशेल आपटलो. डेल्समधलं एक डोंगराळ खेडं, सत्तरीचा शेतकरी. मी कोट-टाय घालून, टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून, आपल्या पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीत प्रश्न विचारायला लागलो. तोही बिचारा ताठ बसून रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागला. दोन तास टेप फिरली आणि बोलीचा एक शब्द नाही. मी यंत्र बंद केलं. चहा आला. खिडकीतून गोठा दिसत होता, आत गाभण गाय. मी सहज म्हणालो, हिचे दिवस भरलेत ना? शेपटीजवळचे स्नायू सैल पडलेत.

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "तुला काय माहीत?" मी म्हणालो, माझ्या एका वर्गमित्राच्या घरी बघितलंय. मग त्याने जे सुरू केलं! गाय, वासरू, त्याचा बाप, त्याच्या बापाची गाय. त्यात 'बेर्न' आला, म्हणजे लेकरू. 'बेक' आला, म्हणजे ओढा. पोरं खेळतात याला त्याचा शब्द होता 'लेक'. हजार-अकराशे वर्षांपूर्वी डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक उत्तर इंग्लंडमध्ये उतरले आणि तिथेच जमीन कसू लागले. 'बेक' आणि 'लेक' हे त्यांनी आणलेले शब्द, ते या माणसाच्या चहाच्या टेबलावर सांडत होते. मी हळूच यंत्र सुरू करायची परवानगी मागितली. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं ध्वनिमुद्रण ते हेच.

तो वर्गमित्र म्हणजे कोण, ते नंतर सांगतो.

पुढे शिकवायला लागलो. पहिल्या तासाला मी एक साधा प्रश्न विचारायचो. छोट्या गोल पावाला तुमच्या घरी काय म्हणतात? की वर्गात भांडण सुरू. मँचेस्टरकडचा म्हणे 'बार्म', नॉटिंगहॅमचा म्हणे 'कॉब', कॉव्हेंट्रीची मुलगी म्हणे 'बॅच', शेफील्डचा म्हणे 'ब्रेडकेक'. दोन घरांमधल्या बोळाला लीड्समध्ये 'गिनल', ससेक्समध्ये 'ट्विटन', हलमध्ये 'टेनफूट'. प्रत्येकाला आपलाच शब्द इंग्रजी वाटायचा आणि दुसऱ्याचा गमतीचा. तासभर भांडून झाल्यावर मी म्हणायचो, आता यातला बरोबर शब्द कोणता ते सांगा. मग वर्ग शांत व्हायचा.

अशाच एका वर्गात दक्षिण यॉर्कशायरमधल्या कोळसाखाणीच्या गावातली एक मुलगी होती. वर्षभर गप्प. लिहायची उत्तम. एकदा माझ्या खोलीत आली तेव्हा म्हणाली, "शाळेत मला सांगितलं होतं, तुझ्या बोलण्याने तू हुशार वाटत नाहीस." मी तिला जोसेफ राइट यांची गोष्ट सांगितली. १८५५ सालचा यॉर्कशायरच्या गरीब घरातला जन्म. सहा वर्षांचा असताना हा मुलगा दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हाकत होता, पुढे गिरणीत लागला. पंधराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नाही. हाच माणूस पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश पुरा केला.

मग मी तिला तिच्या आजोबांचं बोलणं टेप करायला सांगितलं. आजोबा निवृत्त खाणकामगार. ती टेप आम्ही दोघांनी ऐकली. आजोबा नातीला 'दाउ', 'दी' म्हणत होते. हे इंग्रजीतलं जुनं 'तू' आणि 'तुला'. प्रमाण इंग्रजीतून ते केव्हाच गेलं, सगळ्यांना एकच 'यू' उरलं. आपल्याला शाळेत नवल वाटायचं, की इंग्रजीत राजालाही तू आणि गड्यालाही तू. खरं म्हणजे तिथे उरलं ते 'तुम्ही', 'तू' गेलं. त्या खाणीच्या गावात मात्र 'तू' जिवंत होतं. आणि नात आजोबांना उत्तर देताना एकदाही 'दाउ' म्हणत नव्हती, प्रत्येक वेळी 'यू'. मी विचारलं, का गं? ती हसून म्हणाली, "आजोबांना दाउ म्हणाले तर आजी फटका देईल." मी म्हणालो, हे व्याकरण आहे. तुझ्या घरात असा एक नियम आहे, जो राणीच्या इंग्रजीत नाही. ती मुलगी त्या दिवशी माझ्या खोलीतून वेगळ्या चालीने बाहेर पडली. पुढे ती शिक्षिका झाली.

आता जून १९७९ कडे येऊ. आपण दहावीच्या निकालाची वाट बघत होतो, त्याच महिन्यात यॉर्कशायरमध्ये पोलिसांना एक टेप आली. तिकडे १९७५ पासून एक माणूस बायकांचे खून करत होता. टेपवरचा आवाज म्हणत होता, मीच तो. पोलिसांनी टेप नेली स्टॅन्ली एलिस यांच्याकडे, गावोगाव फिरलेल्या त्याच एलिस यांच्याकडे. त्यांनी ती ऐकली, सहकारी जॅक विंडसर लुइस यांच्यासोबत पुन्हा पुन्हा ऐकली आणि सांगितलं, हा सुंदरलँडचा माणूस, त्यातही कॅसलटाउन भागाच्या आसपासचा. शहर नाही, जिल्हा नाही, सरळ वस्ती सांगितली.

यात ते तंतोतंत बरोबर होते. २००५ साली पाकिटावरच्या थुंकीच्या डीएनएवरून टेप पाठवणारा सापडला, तेव्हा तो त्या वस्तीपासून अगदी थोड्या अंतरावर वाढलेला निघाला. पण तो खुनी नव्हता. त्याने पोलिसांची थट्टा केली होती. खुनी होता ब्रॅडफर्डचा, यॉर्कशायरचाच. पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. पण आता ते सुंदरलँडच्या बोलीचा माणूस शोधत होते, आणि ज्याची बोली तशी नाही तो यादीतून गळत होता. एलिस आणि लुइस यांनी सावध केलं होतं, की टेप खोटी असू शकते, नुसत्या बोलीवरून कोणाला वगळू नका. ते कोणी मनावर घेतलं नाही. खुनी जानेवारी १९८१ मध्ये सापडला. टेप आल्यानंतरच्या काळात आणखी तीन बायकांचा जीव गेला होता.

ही हकीकत मी दरवर्षी शेवटच्या तासाला सांगायचो आणि फळ्यावर दोनच ओळी लिहायचो. बोली सांगते, माणूस कुठला. माणूस कसा, ते बोली सांगत नाही.

तीस वर्षं मी या दोन ओळी लिहिल्या. त्या मला पहिल्यांदा कुठे शिकायला हव्या होत्या, ते आज सांगायचं आहे. त्यासाठीच मी आलो.

आठवी ब चा वर्ग. मराठीचा तास. आपला एक मित्र उभा राहून धडा वाचत होता. तो जवळच्या खेड्यातून रोज सायकलवर यायचा. सातवीच्या सुट्टीत मी त्याच्या घरी दोन दिवस राहिलो होतो, रात्री कंदील धरून त्याची गाय व्याताना बघितली होती. धड्यात 'शाळा' शब्द आला. तो म्हणाला, 'शाया'. मग 'फळ' आलं, तो म्हणाला, 'फय'. माझे वडील तहसील कचेरीत बदलून आलेले, आई पुण्याची, घरात ळ आणि ण चोख. मी बाकावरून मोठ्याने म्हणालो, "शाया नाही, शाळा!" सगळा वर्ग हसला. मला फार बरं वाटलं. मधल्या सुट्टीत मी त्याचं नावच 'शाया' पाडलं. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना त्याचं ते नाव अजून आठवत असेल. दहावी होईपर्यंत तो वर्गात पुन्हा स्वतःहून उभा राहिला नाही. गणितात तो माझ्या पुढे होता, हे फक्त निकालाच्या कागदावर कळायचं.

आणि गंमत बघा. मी पुण्याला कॉलेजात गेलो आणि पहिल्याच आठवड्यात म्हणालो, "मी अभ्यास करून राहिलो." सगळं टेबल हसलं. आपल्या वऱ्हाडाने माझ्या जिभेवर नकळत शिक्का मारला होता. त्या दिवशी मला तो आठवला. पण मी त्याला पत्र लिहिलं नाही. वऱ्हाडीत ळ चा य होतो तो नियमाने होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात आपल्या वऱ्हाडीचे नमुने छापले आहेत. इंग्लंडात ऑर्टन यांची माणसं गावोगाव निघण्याच्या ४५ वर्षं आधी आपली बोली छापून झाली होती, आणि आपण तिला हसत होतो. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात ते लीळाचरित्र आपल्याच वऱ्हाडात, रिद्धपूरला सिद्ध झालं. हे सगळं वाचून झालं, तरी पत्र लिहिलं नाहीच.

तो मित्र इथे बसला आहे. ही गोष्ट सांगायची परवानगी मी काल रात्री जेवताना त्याच्याकडून घेतली. नाव घेणार नाही. मी माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "मले तं आठोतच नाही बाप्पा, जाऊ दे." मग हात धुताना माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आठोते. सारं आठोते. म्हनून पोरायसंग घरी म्या वऱ्हाडी बोललोच नाही. पोरं आता पुन्यात हायेत, चांगलं बोलतात. पन माह्या नातीले माह्या मायचं बोलनं समजत नाही."

मित्रांनो, बोली कशा मरतात यावर मी व्याख्यानं दिली आहेत. रस्ते येतात, शाळा येतात, टीव्ही येतो, असं मी सांगायचो. ते खरंच आहे. पण एका घरातली बोली एका बाकावरून आलेल्या हसण्याने थांबली, आणि ते हसणं माझं होतं.

प्रमाण मराठी शिकवू नका असं मी म्हणत नाही. ती हवीच. मीही आत्ता जवळपास त्याच भाषेत बोलतो आहे. परीक्षेच्या कागदावर शाळेला शाळाच लिहावं लागेल. आज या शाळेत शिकवणारे तरुण शिक्षक मागच्या रांगेत उभे आहेत, त्यांना एवढंच सांगतो. लिहिलेलं जरूर तपासा. बोललेल्यावर वर्ग हसला, तर त्या हसण्याला मात्र थांबवा. आणि जमलं तर त्या मुलाला विचारा, तुमच्या घरी तिफणीच्या, वखराच्या प्रत्येक भागाला काय म्हणतात? तासाभराचा धडा तो तुम्हाला शिकवील.

माझ्या मित्राची आई नव्वदीच्या पुढे आहे, गावीच असते. ऑर्टन यांच्या पाहणीत बायकांना फार कमी विचारलं गेलं. ती चूक मला करायची नाही. उद्या सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. वावरातले, चुलीवरचे, पऱ्हाटीचे, गाईगुरांचे, जे शब्द त्या देतील ते टेप करीन. त्याची एक प्रत नातीसाठी, एक या शाळेच्या ग्रंथालयासाठी.

मित्राने काल एकच अट घातली. म्हणाला, "येजो. पन शायेतला मास्तर होऊन येऊ नको."

नाही रे. शायेतला पोरगा म्हणूनच येतो.